डावं दार

बाबांच्या जुन्या मोटारीचं मागचं डावं दार बसेना, आणि शनिवार उजाडला होता. रविवारी आत्याला तिची मुलगी चिपळूणहून पुण्याला नेणार होती, हृदयाच्या ऑपरेशनसाठी. त्याआधी बहिणीला या गाडीतून एक फेरी मारून आणायची, एवढंच बाबांनी धरून ठेवलं होतं. याच गाडीतून ती सासरी गेली होती. पुन्हा भेट होईल की नाही, सांगता येत नव्हतं.

बॅटरी, टायर, पेट्रोल, आत्यासाठी उशी: माझ्या यादीत सगळ्यावर खूण झाली होती. फक्त दार राहिलं होतं. मी पडवीतून शेडमध्ये आणि शेडमधून पडवीत येरझाऱ्या घालत होते.

अशा गाड्यांचं इंजिन आणि खालचा सांगाडा कारखान्यातून यायचा. वरची बॉडी मालक वेगळ्या कारागिरांकडून आपल्या पसंतीने बांधून घ्यायचा: आत लाकडी चौकट, वर हाताने ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. आमच्या दाराची चौकट खाऱ्या हवेने कुजली, तेव्हा लाकडाला बाक देणारा माणूस म्हणून मी बुरोंडीचा होड्या बांधणारा सुतार गाठला. डाव्या दाराचा पत्रा ठोकायला गेला होता. म्हणून त्याने चांगल्या उजव्या दाराचं माप घेतलं आणि उलटं करून डावं केलं. होडीच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात. मलाही ते पटलं होतं.

आता चौकट लावली तर चार बोटं फट.

"ताई, मोटारच वाकडी हाय," सुतार म्हणाला.

"मोटार नाही, तुमचं माप."

बाबा खुर्चीतून म्हणाले, "भांडू नका. पहिल्या मालकाच्या आईचा पाय दुमडत नव्हता. तिच्यासाठी डावं दार रुंद करून घेतलं होतं."

"हे आज सांगताय?"

"विचारलं कोणी?"

नव्या चौकटीला आठवडा लागला असता, आणि नारळी पौर्णिमा तोंडावर आल्याने सुताराच्या होड्या खोळंबल्या होत्या. ठोकून परत आलेला पत्रा मी त्याच चौकटीवर चढवला, दार दोरीने बांधलं, बाबांना मागे बसवलं आणि भावाला गाडी काढायला सांगितली. चिपळूणपर्यंत मी मागे वळून वळून गाठ बघत होते.

आत्या काठी टेकत अंगणात आली. "दार बांधून आणलंस होय रे? मी पळून जाईन म्हणून?"

"आक्का, त्या बाजूने चढ," बाबा म्हणाले.

उजव्या दारातून तिने एक पाय आत घातला. दुसरा गुडघा वाकेना. पुन्हा प्रयत्न केला, तर धाप लागली.

"राहू दे गं आई," तिची मुलगी म्हणाली. बाबांनी मान खाली घातली.

मी दोरी सोडली, बिजागऱ्यांच्या पिना काढल्या आणि दारच उचलून ओट्यावर ठेवलं. आत्या डावीकडून पाय न दुमडता आत गेली, हळूहळू पलीकडे सरकली. बाबा उघड्या बाजूला बसले.

"घट्ट धर हो, पडशील," ती म्हणाली.

भावाने गाडी हळूच बाहेर काढली. मी दाराशेजारी ओट्यावर बसले, उठले, फाटकापर्यंत जाऊन आले, पुन्हा बसले. परतणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येईपर्यंत माझं हेच चाललं होतं.