बांधावरचं श्रमदान

"बूट काढ आधी. गड आहे हा," असं तो म्हणायचा, आणि समोर असायचं काय, तर गाईंनी तुडवलेलं एक ओलं कुरण.

असा एखादा गडवेडा तुम्हीही पाहिला असेल. आमचा हा बेलफास्टच्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. मूळचा साताऱ्याकडचा. उत्तर आयर्लंडमध्ये शेताशेतांतून मातीचे गोल बांध दिसतात. हजारेक वर्षांपूर्वी त्यांच्या आत एकेक कुटुंब गुराढोरांसकट राहायचं. ह्याच्या लेखी ते गडच. ना बुरूज, ना तटबंदी. "दिवाळीत आमच्या सोसायटीतली पोरं याहून बरा किल्ला करतात," असं मी एकदा म्हणालो, तर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

एका रविवारी त्यानं अशाच एका बांधावर श्रमदान काढलं. आपल्याकडे गडावरची झुडपं काढतात, तशी इथंही काढायची! त्या शेताच्या म्हाताऱ्या मालकिणीनं आम्हाला फक्त बघायला यायची परवानगी दिली होती. बांधावर हॉथॉर्नचं एक जुनं काटेरी झाड होतं. वाळकी म्हणून त्याची एक फांदी ह्यानं करवतीनं उतरवली, आणि म्हातारी धावत आली.

"ही जागा संरक्षित आहे. विचारल्याशिवाय इथलं ढेकूळही हलवायचं नाही." मग तिचा आवाज खाली आला. "कायद्याचं राहू द्या. ह्या झाडाला हात लावला की घरातलं माणूस जातं, असं आमच्यात म्हणतात. उद्या माझ्या नवऱ्याचं हार्टचं ऑपरेशन आहे हो."

मला हसू दाबवेना. तो मात्र पांढराफटक पडला. गावच्या देवराईतली काटकी उचलली म्हणून लहानपणी मार खाल्लेला माणूस! झाडासमोर हात जोडून तो मोठ्यानं मराठीत म्हणाला, "चूक माझी आहे. ह्यांच्या घराला काही करू नका. जे व्हायचं ते मला होऊ दे."

दुसऱ्या दिवशी पुरातत्त्व खात्याला त्यानं स्वतःच फोन केला आणि यथेच्छ बोलणी खाल्ली. म्हातारा खडखडीत बरा झाला. हा पुढेही दर रविवारी तिथं जायचा. कुणी पोरं बांधावर सायकली चढवायला लागली की म्हणायचा, "प्लीज, नॉट हिअर."

पुढच्या हिवाळ्यात तो गेला. बर्फावरून गाडी घसरली, इतकं साधं कारण. असल्या शापाबिपांवर माझा विश्वास नाही. माणूस मात्र मला फार आवडायचा.

अंत्यविधीला म्हातारी नवऱ्याचा दंड धरून आली. मला बाजूला घेऊन तिनं विचारलं, "त्या दिवशी तो झाडाला काय म्हणाला होता?"

मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं.

"सॉरी म्हणाला," मी सांगितलं. "फक्त सॉरी."