ओट्यासमोरची सदाफुली

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. हे मी वाचलं तेव्हा आमच्या दारातली उपटून झाली होती.

चिंचवडच्या जुन्या गावठाणात आमच्या ओट्यासमोर वडिलांनी तिचा वाफा केला होता. कंपनीतून निवृत्त झाल्यावरही ते पाचला उठत. पहिल्या शिफ्टची बस सहाला आमच्याच कोपऱ्यावर थांबायची, ती सवय. त्या बसमधले चार जोडीदारही निवृत्त झाले होते. तेही सहाला वाफ्यापाशी येत, साखर उतरते म्हणून पाच-पाच फुलं चावत आणि मग ओट्यावर चहा घेत.

"पाच फुलं अन् चहात दोन चमचे साखर," वडील म्हणत. "जमतंय राव तुमचं!"

"फुलं कडू हायेत, तर काय करावं?" त्यांच्यातला एखादा म्हणे.

एका एकादशीला त्यांच्यातल्या एकाला भोवळ आली. गोळी, उपास आणि वर फुलं. साखर फार खाली गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. तो दोन दिवसांत दवाखान्यातून घरी आला. वडिलांनाही मधुमेह आहे. त्या रविवारी ते आळंदीला गेले असताना मी सगळा वाफा मुळासकट उपटला. मी वर्तमानपत्रात काम करतो. दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय बातमी सोडत नाही. वडिलांना मात्र विचारलं नाही.

संध्याकाळी ते मोकळ्या मातीपाशी थांबले.

"अण्णा, तुम्हीही खात होता ना?"

"एक न्हाई खाल्लं. मला गोळी हाय. त्यास्नी बी सांगत हुतो, नका खाऊ."

"मग झाडं कशाला ठेवली?"

"माणसाला यायला कायतरी निमित्त लागतं."

दुसऱ्या दिवशी तिघे आले. पुढच्या आठवड्यात एक. मग कोणीच नाही. मी घरोघरी जाऊन बोलावलं. सगळे "येतो की" म्हणाले. रोज नुसत्या चहासाठी दुसऱ्याच्या दारात जाणं त्यांना जमणारं नव्हतं.

पडलेल्या बियांची रोपं पावसाळ्यात आपोआप आली, फरशीच्या फटीतसुद्धा. आता पुन्हा फुलं आहेत. वडील पाणी घालतात आणि सहाला ओट्यावर एकटेच बसतात.

गेल्या आठवड्यात गजर लावून मीही उठलो. शेजारी बसलो. चहा झाला. मी जांभई दाबली.

"जा, झोप," ते म्हणाले. "तुला कुठं बस धरायची हाय."