फरामर्झ आगांचा शहा

आगा गेल्याचं माझ्या मुलाने, महेशने सांगितलं. त्याचं घरूनच ऑफिस चालू होतं, मीटिंग थांबवून तो बाहेर आला. "बाबा, खालच्या मजल्यावरचे आगा गेले. हॉस्पिटलातच." मी चहाचा कप खाली ठेवला. कोरोनामुळे भेटायला कोणाला सोडतच नव्हते. अँब्युलन्समध्ये चढताना त्यांनी वर आमच्या खिडकीकडे पाहून बोट हलवलं होतं, त्याचा अर्थ मला ठाऊक होता.

मी चौथी शिकलेला वेल्डर. लेख लिहायचं माझं काम नाही. पण आगांबद्दल दुसरं कोणी मराठीत लिहिणार नाही, म्हणून मी लिहितोय, आणि महेशला सांगून ठेवलंय की टाइप करताना काही सुधारायचं नाही. जवानीत मी इराणच्या एका बंदरावर जेटीच्या कामावर होतो, शहाचं राज्य होतं तेव्हा. फारसी तिथलीच, कामगारांची, शिव्यांसकट. म्हातारपणी मुलाने मला इकडे युरोपात, डीमन नावाच्या गावाला आणलं, आणि एकदा लिफ्टमध्ये या उंच, टाय लावलेल्या इराणी म्हाताऱ्याला मी फारसीत म्हटलं, तब्येत बरी ना. तो बघतच राहिला. मग मला 'उस्ता' म्हणायला लागला. तिकडे कारागिराला असंच म्हणतात, आणि साहेबाला आगा.

लॉकडाऊनमध्ये कालव्याकाठच्या बाकावर एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. बोलणं शहाचंच. आगा म्हणायचे, लोकांना आधी रस्ता द्यावा, शाळा द्यावी, मत नंतर. राजा म्हणजे बाप, आणि बापाला कोणी निवडून आणतं का? शहाने पुढे सगळे पक्ष मोडून एकच ठेवला, तेही त्यांना बरोबर वाटायचं. मी सांगायचो, आमच्या मेसमध्ये तुमच्या राजाचा फोटो होता. युसूफ नावाचा क्रेनवाला जेवताना सहज बोलला, एवढा जड मुकुट घालून याची मान दुखत असेल. दुसऱ्या दिवशी क्रेनवर वेगळाच माणूस. युसूफ कुठे, कोणी विचारलं नाही.

"उस्ता, एका युसूफवरून देश मोजतोस?"

"मग किती युसूफ गेले की मोजायचं, ते सांगा."

त्यावर आमचा अबोला व्हायचा. मग कधीतरी ते पिस्ते घेऊन यायचे आणि पुन्हा शहापासूनच सुरुवात. पटलं कधीच नाही. मी आजही युसूफच्याच बाजूचा आहे.

थंडीत त्यांना खोकला लागला. तेव्हा बोट हलवून म्हणाले, "माझ्या मयतीत शहा नको. फोटो नको, नाव नको." मला वाटलं, चेष्टा करतायत. नव्हते. धाकटी बहीण मेहरी शिराजला एकटी राहते. शहाला घालवून आलेल्या आताच्या सरकारची माणसं एकदा तिच्या दारात येऊन गेली होती... भाऊ परदेशात काय करतो, कोणाला भेटतो. आणि मुलगा बाबक इथल्या राजेशाहीवाल्यांत फिरणारा.

"मुलालाच सांगा ना."

"सांगितलं. म्हणतो, बाबा, आता तरी घाबरणं सोडा. तो इथे जन्मला, उस्ता."

आत जायला मोजक्यांनाच परवानगी होती, म्हणून अंत्यसंस्कार इंटरनेटवर दाखवायचं ठरलं. म्हणजे कोणीही, कुठेही बघणार. आदल्या दिवशी मी बाबकच्या दारात गेलो. तो म्हणाला, "अंकल, बाबांनी जन्मभर घरातल्या शहाच्या फोटोला सलाम केला. आता मी तो लपवू?"

"तुझी आत्या तिकडे आहे."

"आत्याला कोण ओळखतं?"

घरी महेश म्हणाला, "बाबा, त्यांच्या घरातलं आहे. तुम्ही मध्ये पडू नका." मी कोट इस्त्रीला टाकला.

हॉल गार होता, खुर्च्या लांब लांब. शवपेटीच्या डोक्याशी शहाचा मोठा फोटो, मुकुटातला, आणि समोर स्टँडवर कॅमेरा. मी सरळ जाऊन त्या दोन्हींच्या मध्ये उभा राहिलो. तिथल्या बाईने खुर्ची दाखवली, मी गुडघा दाखवला, वाकत नाही म्हणून. मागून कोणी फारसीत म्हणालं, "म्हाताऱ्या, सरक." मला सगळं कळत होतं, पण मी सरकलो नाही. बाबक माझ्याकडे बघत राहिला, आणि मला वाटलं, निभावलं.

पेटी हलली तेव्हा मागून एकाने घोषणा दिली, शहा अमर राहो. मग सगळ्यांनीच दिली. मग बाबकनेही रडत रडत मूठ वर केली आणि ओरडून बापाचं नाव घेतलं, पूर्ण नाव, आडनावासकट. फोटो अडवता आला मला. आवाजाला काय आडवं धरणार...

आता बरेच आठवडे झाले. परवा बाबक बाकावर येऊन बसला, आगांच्या टोकाला. दाढी वाढलेली. मग त्याने आधी मागे वळून पाहिलं. मागे रस्ता आणि ट्राम, दुसरं काही नाही. शहाचं नाव घ्यायच्या आधी त्याचा बाप अगदी असाच वळून बघायचा, पोरात मी हे कधी पाहिलं नव्हतं.

"अंकल," तो हळूच म्हणाला, "मेहरी आत्या फोन उचलत नाहीये."

"लाइन खराब असेल," मी म्हटलं. आणि मीही मागे वळून पाहिलं.