अर्ध्यावर सोडलेली धून

नगरच्या त्या छोट्या सभागृहात कार्यक्रम सुरू व्हायची वेळ टळून गेली होती आणि माझं सगळं लक्ष पहिल्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे होतं. ती अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी राखून ठेवली होती. अण्णांचा लग्नाचा बँड आहे. ते क्लॅरिनेट वाजवतात. मी सॅक्सोफोन शिकलो तो त्याच बँडमध्ये, त्यांच्या शेजारी चालत. पुढे पुण्याला जाऊन पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकलो, आणि आता त्याच वाद्यावर मी भलतंच काहीतरी वाजवतो, असं नातेवाइकांचं मत आहे. अण्णांचं मत मला ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा एकही कार्यक्रम ऐकला नव्हता. लग्नसराईत त्यांना फुरसत नसते, आणि ती संपली की माझे कार्यक्रम बाहेरगावी असतात. कारण खरंच होतं, म्हणून जास्त टोचायचं. मला त्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. चांगलं, वाईट, कसलंही.

त्यात संयोजकांनी सत्काराचा घाट घातला. शाल, श्रीफळ, गुच्छ, मनोगत. सॅक्सोफोनच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी असते, रीड म्हणतात तिला. ती ओली राहिली तरच आवाज धड निघतो, म्हणून मी ती जिभेवर धरून बसलो होतो. माझं नाव पुकारलं तेव्हा घाईने काढून खिशात टाकली, आणि परत आलो तोवर तिला खिशातला कचरा चिकटला होता. पुण्याहून आलेली आमची चेलोवादक कानाशी म्हणाली, "इथे सत्कारानंतर कार्यक्रम असतो, की सत्कार हाच कार्यक्रम?" मी नगरचा असल्यामुळे मला तिचा राग आला, आणि तिचं बरोबर असल्यामुळे जास्तच आला. तिसरा होता अकोले तालुक्यातला संबळवादक. तो मात्र निवांत. उशिरा येणाऱ्या नवरदेवांची वाट बघण्यात त्याची हयात गेलेली.

एकदाचे सुरू झालो. पहिला भाग युरोपातल्या जुन्या रचनांचा, चेलो म्हणजे त्या थोरल्या व्हायोलिनचा आणि सॅक्सोफोनचा. लोक सभ्यपणे ऐकत होते. उकाड्याने जीव नकोसा झाला होता आणि पंख्याच्या वाऱ्याने माझे कागद उडू बघत होते. दर चार ओळींनी माझी नजर दाराकडे जायची, आणि नजर गेली की बोटं पळायची. चेलोवाली डोळे वटारून मला मागे खेचत होती. तिच्या जागी मी असतो तर उठून गेलो असतो.

शेवटची रचना आमची स्वतःची होती. तिच्यासाठी संबळवादक पुढे सरकून बसत होता, तेवढ्यात दार उघडलं. अण्णा. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, काखेत क्लॅरिनेट. टेम्पोत वाद्य ठेवून ते कुठेच जात नाहीत. पाथर्डी रस्त्यावरचं दुपारचं लग्न वऱ्हाडाने नाचून नाचून लांबवलं होतं, आणि ते तिथून तसेच आले होते. वाकून, चपलांचा आवाज होऊ न देता ते खुर्चीपर्यंत पोचले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या माणसाचं तोंड बघून ठेवावं असं मला फार वाटलं.

रचना अशी होती: चेलो खालच्या स्वरात चालू राहतो, संबळ हळूच येतो, आणि मग मी नवरदेवाच्या मिरवणुकीची धून उचलतो. नवरदेव घोड्यावरून मारुतीला निघाला की अण्णांचा बँड वाजवतो तीच, फक्त अगदी संथ. आणि ओळीच्या मधोमध सगळेच थांबतो. बराच वेळ काही नाही. मग चेलो एकटा परत येतो. पुण्यात त्या शांततेचं भलतंच कौतुक झालं होतं आणि मलाही ती फार आवडायची.

थांबलो. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. समोर पाहिलं तर अण्णांचा चेहरा पार उतरलेला. ते उठून उभे राहिले, क्लॅरिनेट तोंडाला लावलं, आणि मी सोडली होती तिथूनच धून पुढे नेली. रस्त्यावर वाजवतात तेवढ्याच जोरात.

बँडमध्ये मिरवणुकीची धून तुटू द्यायची नसते. चालता चालता एखाद्याचा दम जातो. शेजारचा त्याच्याकडे न बघता तोच स्वर उचलतो, आणि वऱ्हाडाला पत्ता लागत नाही. पोराचा दम गेला असं अण्णांना वाटलं होतं.

लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या, चेलोवाली गज हवेत धरून माझ्याकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला. संबळवादकाचे हात तर सवयीने सुरूही झाले होते. आणि तेवढ्यात अण्णांचा स्वर तुटला. ओळ संपताना नाही, मधेच. मी अख्ख्या आयुष्यात त्यांचा स्वर तुटलेला ऐकला नव्हता. त्यांच्याकडे न बघता मी तो उचलला. चेलोवालीने खालचा सूर शोधला, आणि आम्ही कसेबसे शेवटापर्यंत गेलो. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. संयोजकांनी कुठूनतरी आणखी एक शाल पैदा करून अण्णांच्या लाल कोटावर घातली.

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या जारपाशी आम्ही दोघंच होतो.

"काय झाल्तं रं? दम गेल्ता का?"

"न्हाई अण्णा. तिथं थांबायचंच हुतं."

"मिरवनुकीत?"

"व्हय."

"मग मी लई घोळ घातला म्हन की."

"घातलात." मी अजून धुसफुसत होतो. पण राहवलं नाही. "तुमचा स्वर का तुटला?"

त्यांनी ग्लास जारवर उपडा घातला. "तुटतो आताशा. चढावर तर लईच."

"मग काय करता?"

"काय करनार? ढोलवाला जोरात हानतो. लोकं नाचत्यात, कोनाला कळत न्हाई." मग म्हणाले, "तुझ्या जागंवर अजून कोनाला घेतलं न्हाई मी."

माझ्या वाजवण्याबद्दल त्यांच्याकडून हवं असलेलं ते वाक्य तेव्हा डोक्यातून साफ गेलं. नुसती भीती वाटली.

"दवाखान्यात दाखवलं का?"

"दाखवलं की डाक्टर वाजवायचं बंद करा म्हनत्याल."

"उद्या सुपारी कुठं हाय?"

"राहुरीला. सकाळची."

"मी येतो."

त्यांनी माझ्या काळ्या सुटाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्या कोटात नको येऊस. लोकं तुलाच घोड्यावर बसवत्याल."

आणि स्वतःच हसायला लागले. हसता हसता त्यांना धाप लागली, त्यांनी एक हात भिंतीला टेकवला. मी त्यांच्या दुसऱ्या हातातलं क्लॅरिनेट काढून घेतलं. त्यांनी घेऊ दिलं.