मंगलबाईंच्या तेवीस चामखिळी

माणसाची रोगप्रतिकारशक्ती हा सृष्टीतला सर्वांत जागरूक पहारेकरी आहे, असं मी डॉक्टरांच्या मेळाव्यांत गंभीर आवाजात सांगत असतो. समोर बसलेल्या मंगलबाईंच्या हातांवर तेवीस चामखिळी होत्या. पहिली येऊन दोन वर्षं झाली होती. पहारेकऱ्याला अजून पत्ता नव्हता.

"डॉक्टर, दिवाळीच्या सुट्टीनंतर हात साफ दिसले पाह्यजेत," त्या म्हणाल्या. "न्हाईतर दुसरी बाई ठेवणार हायेत."

मंगलबाई नेवाशाजवळच्या एका गावात शाळेची खिचडी शिजवतात. बारा वर्षं झाली. त्या खिचडी वाढत असताना एका पालकानं त्यांची बोटं पाहिली आणि विषय शाळेच्या समितीपुढे गेला. मी लगेच लेटरहेड ओढलं. चामखीळ विषाणूमुळे होते, कातडीला कातडी लागून पसरते, शिजवलेल्या अन्नातून पसरत नाही, असं लिहून सही-शिक्का दिला. आठवड्यानं त्या चिठ्ठीसकट परत आल्या.

"अध्यक्ष म्हणले, चिठ्ठी नको, हात दाखवा."

नगरमध्ये मी वीस वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करतो. माझ्या सहीचं वजन त्या दिवशी कळलं.

चामखीळ जाळून काढणं हा नेहमीचा उपाय. पण तेवीस जखमा, त्यातल्या कित्येक नखांलगत. त्या भरेपर्यंत पातेलं कोण उचलणार? म्हणून दुसरा मार्ग सुचवला. लहान मुलांना गोवर, गालगुंड आणि रुबेलासाठी देतात ती एमएमआर लस. ती सर्वांत मोठ्या चामखिळीत थोडीशी टोचायची, तीन आठवड्यांनी पुन्हा. लस या कामासाठी बनलेली नाही, पण आम्ही त्वचेचे डॉक्टर वापरतो. चामखिळीचा विषाणू कातडीच्या वरच्या थरात गुपचूप राहतो, म्हणून शरीर त्याच्याकडे बघत नाही. लशीमुळे तिथे गडबड उडते. यात्रेच्या बंदोबस्ताला पोलीस आले की गावातला जुना फरारीही सापडतो, तसं. एकदा ओळख पटली की न टोचलेल्या चामखिळीही जातात. सगळ्यांच्या जातातच असं नाही, हेही सांगितलं.

"दिवस वगैरे गेलेले नाहीत ना?" ही लस गरोदरपणी देत नाहीत, म्हणून विचारावं लागतं.

"अवो, लेक बाळंतपणाला आलीय माझी!"

उजव्या अंगठ्याच्या बुडाशी हरभऱ्याएवढी चामखीळ होती. तिच्यात सुई घातली. मंगलबाई छताकडे बघत माझ्या घराण्याबद्दल काहीतरी पुटपुटल्या.

"आन बाकीच्या बावीस?"

"त्यांना निरोप जाईल."

तीन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा अंगठ्याची चामखीळ गायब. पहिल्याच फेरीत! मी फोटो काढायला मोबाईल उचलला आणि तिथे दोरा काचल्यासारखा वण दिसला.

"हे काय?"

"सासूबाईंनी घोड्याचा केस बांधला."

घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधायचा, चामखीळ काळी पडून गळते, ही आपल्याकडची जुनी पद्धत.

"तेवीस होत्या. नेमकी हीच का?"

"त्या म्हणल्या, एवढ्या शिकलेल्या डॉक्टरनं हीच धरली, म्हंजे मुळावरची हीच आसणार."

माझ्या निदानावर इतका विश्वास घरातही कुणी ठेवलेला नाही. तरी मी चिडलो. उजव्याच हाताच्या करंगळीजवळची दुसरी चामखीळ निवडून टोचली आणि पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन यायला सांगितलं.

सासूबाई, म्हणजे गयाबाई, आल्या. कापडी पिशवी मांडीवर घेऊन माझ्याच खुर्चीत बसल्या.

"आजी, केस बांधायचा नाही. टोचायची जागाच जाते माझी. पिकली तर हात सुजेल."

"तुमी तुमची टोचा, मी दुसरी बांधते. ढीगभर हायेत. भांडायचं कशाला?"

"हात सुजला तर सुनेचं काम जाईल, आजी."

आजींनी सुनेच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिच्या हातची खिचडी खाऊन त्या अध्यक्षाचा पोरगा मोठा झाला. तवा न्हाई दिसले हात." पिशवी आवळली. "बरं. दिवाळीपस्तोर न्हाई बांधत. पर तुमी नीट टोचा."

तिसऱ्यांदा टोचलं. दिवाळी पंधरा दिवसांवर आली तरी एकही चामखीळ हलेना. चौथ्या फेरीच्या दिवशी मंगलबाई आल्याच नाहीत. मी घाबरून फोन लावला.

"आवो, भांडी घासताना बघितलं तर डाव्या हाताच्या निम्म्या न्हाईत!"

डाव्या हाताला मी सुई लावली नव्हती, आजींनी केस लावला नव्हता. निरोप पोचला होता. सुट्टी संपेपर्यंत दोन्ही हात साफ झाले. अध्यक्षांनी ते उलटे-सुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "उद्या खिचडी जरा पातळ करा."

काही जणांच्या चामखिळी काहीही न करता आपोआप जातात, हे पुस्तकात आहे आणि खरं आहे. त्यामुळे मीही छातीठोक बोलत नाही. एका वेळी एकच इलाज करावा, म्हणजे निदान श्रेयाचा घोळ होत नाही.

गावात घोळ नाही. मोठी चामखीळ केसानं पडली, बाकीच्या तिच्या मागं गेल्या, असं तिथे ठरलं आहे. तिथला वरातीचा घोडा मी परवा एका लग्नात पाहिला. मालकानं त्याच्या शेपटीला गंगावन लावलं होतं.