पहिल्या नंबरचा जावई

गावाने मला जाहीरपणे वेड्यात काढलं ते देवळासमोरच्या मंडपात, आमच्या टेनिस क्रिकेटच्या खेळाडूंची निवड चालू असताना. चार आळ्या, चार टीम, आमच्या आळीचा कॅप्टन मी, आणि चिठ्ठीत माझा पहिला नंबर लागला होता. म्हणजे अख्ख्या गावातला कुठलाही बॅट्समन मी उचलू शकत होतो. आणि मी उचलला कोण? तर माझा दाजी. ताईचा नवरा, राहनाळचा. दोन वर्षं ज्याने आमच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता, तो.

"याची दृष्ट काढा रे कोनीतरी," वरच्या आळीचा कॅप्टन म्हणाला. हा माझा सख्खा चुलतभाऊ, म्हणजे हसायला सगळ्यात पुढे.

हसा म्हटलं, लेको. तुम्हाला बेसबॉल कुठे माहीत आहे!

मी भिवंडीजवळ पूर्णाला एका गोदामाच्या ऑफिसात आहे. माल परदेशातल्या कंपनीचा, त्यामुळे तिकडच्या साहेबांशी रोज संध्याकाळी कॉल असतो. त्या लोकांचा एक खेळ चालतो. बेसबॉलच्या खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने पाळीपाळीने आपली कागदावरची टीम निवडायची, आणि मग ते खेळाडू मैदानात जे काय मारतील त्याचे गुण आपल्याला. त्यांना एक भिडू कमी पडत होता, त्यांनी मला ओढला. मला वाटलं, त्यात काय अवघड आहे? दिसला तगडा की घे. पहिल्या वर्षी मी एकजात हाणामारीवाले घेतले, आणि शेवटी कळलं की सगळेच्या सगळे मैदानात लांब उभे राहणारे. कॅचरच्या जागेला, म्हणजे आपल्या कीपरच्या, उरलासुरला एक गडी पदरात पडला. त्याची बॅट आणि बॉल यांची वर्षभर ओळखसुद्धा झाली नाही. मी तळाला गेलो.

तिकडचा साहेब चांगला माणूस. हसून झाल्यावर म्हणाला, गडी किती मारतो ते बघू नकोस. त्याच्या जागेवरचे बाकीचे किती मारतात ते बघ. लांब उभे राहून मारणारे पैशाला पासरी मिळतात. मारणारा कॅचर मिळत नाही. तो आधी घे.

आता आमच्या स्पर्धेचा नियम ऐका. प्रत्येक टीममध्ये एक कीपर हवा, एक चाळिशी उलटलेला हवा आणि एक गावचा जावई हवाच. जावई एवढ्यासाठी की त्या निमित्ताने गावच्या लेकी माहेरी येतात. मी बसल्या बसल्या सगळ्या जावयांचा हिशोब मांडला. एकाचा गुडघा गेलेला, पण मान मोठा, म्हणून त्याला कोणी पळ म्हणत नाही. दुसरा बॅट अशी फिरवतो की अंगण झाडल्यासारखं वाटतं. तिसऱ्याचा दापोड्याला टेम्पोचा धंदा, तो अर्धी मॅच फोनवर "गाडी लगाव, गाडी लगाव" करत असतो. राहिला दाजी. खुल्या गटात, म्हणजे बाकीच्या जागांना, त्याच्यापेक्षा सरस पोरं ढीगभर होती, पण जावयात त्याच्या जवळपास फिरकणारा कोणी नव्हता.

"आरं येड्या," चुलतभाऊ म्हणाला, "शेवटी घेतला असतास तरी मिलाला असता! तो येनारच न्हाय म्हनून त्याला कोन घेतोय?"

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. आणि ते मलाही माहीत होतं.

त्याचं असं आहे. आमचे बाबा या स्पर्धेचे कायमचे अंपायर. स्वभाव सरळ, पण काठीइतका सरळ. आपल्या आळीवर तर जास्तच कडक, नाहीतर लोक बोट दाखवतील. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दाजीला रनआऊट दिला. दाजी म्हणाला, मी पोचलो होतो. बाबा म्हणाले, बोट वर गेलं की गेलं. दाजीने बॅट टाकली, ताईला गाडीवर बसवलं आणि जावयासाठी शिजवलेलं मटण तसंच टाकून निघून गेला. जावई जेवल्याशिवाय गेला, हे बाबांच्या मनाला लागलं. सासऱ्याने चारचौघांत खोटा पाडला, हे दाजीच्या. मधल्यामध्ये माझी ताई अडकली. राहनाळ इथून बाइकने किती लांब? पण आई आणि ताई भिवंडीच्या भाजी मार्केटात भेटायच्या, मेथी निवडत निवडत रडून घ्यायच्या आणि घरी आल्यावर मेथी महाग झाली म्हणून सांगायच्या. माझ्याच घरात हा चोरटेपणा बघून माझं डोकं फिरायचं.

आणि गावचा रिवाज असा, की टीममध्ये नाव लागलेल्या जावयाला सासऱ्याने स्वतः जाऊन बोलवायचं. शेवटी घेतला असता तर बाबा म्हणाले असते, एक गडी कमी खेळा. पण पहिला नंबर वाया घालवायचा? अख्ख्या आळीने त्यांना झोपू दिलं नसतं.

बाबा आधी मला बोलायचे ते बोलले. "गावातली पोरं मेली व्हती काय रं?" मी त्यांना कॅचर समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुजा तो बेसबॉल घाल चुलीत." मग धुतलेला शर्ट घातला आणि माझ्या मागे बाइकवर बसले.

राहनाळला दार ताईनेच उघडलं. बाबांना बघून ती पाणी आणायला आत पळाली आणि बराच वेळ आलीच नाही. दाजी समोर बसला. बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "टीममदी नाव लागलंय तुमचं. आयतवारी मॅच हाय."

"अंपायर कोन?"

"मीच."

दाजीने थोडा विचार केला. "मंग येतो," म्हणाला.

मैदान म्हणजे भात कापल्यावर मोकळं झालेलं शेत, दोन बाजूंना गोदामं. पत्र्यावर बॉल आदळला की सिक्स. रविवारी वरच्या आळीविरुद्ध दाजीने दोनदा पत्रा वाजवला, आणि मी समोरच्या टोकाला उभा राहून चुलतभावाला म्हटलं, "काय रे, दृष्ट काढायची ना?" तोंड उघडायला नको होतं. पुढच्याच बॉलला मी हावरटासारखी रन मागितली. दाजी धावला ते बरोबर बाबांच्या टोकाला. थ्रो आला, स्टंप उडाले, वरच्या आळीने एकच गिल्ला केला.

पुन्हा तेच टोक, तोच अंपायर, तोच जावई. बाबांचा हात अर्धा उठला आणि तिथेच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बापाला घाबरलेलं बघितलं. मैदानावर एवढी शांतता, की बाहेर कंटेनर मागे घ्यायला लावणाऱ्या क्लीनरचं "आने दो, आने दो" ऐकू येत होतं.

बायकांचा मंडप दरवर्षीसारखा बरोबर क्रीजच्या रेषेत. तिथून ताई उठून उभी राहिली. "आऊट हाय, बाबा! मी बगितलंय. बॅट भायेर हाय त्यांची!"

बायकोने भर गावात नवऱ्याला आऊट दिला! चुलतभाऊसुद्धा अपील विसरला. दाजी वळून तिला म्हणाला, "तू कोनाच्या बाजूची गं?"

"मी जेवाया आलेय," ताई म्हणाली. "या लवकर, मटन थंड व्हतंय."

आधी दाजीला हसू फुटलं, मग बाबांना, आणि हसता हसताच त्यांनी बोट वर केलं. मॅच आम्ही सपाटून हरलो. आळीतल्या पोरांनी मला आणि माझ्या बेसबॉलला घातलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

दुपारी बाबा स्वतः वाढायला बसले. दाजी मान खाली घालून चवीने जेवत होता. बाबांनी त्याला रस्सा वाढला आणि पातेल्यातली मगजाची नळी पळीत घेतली, मानाची म्हणून ती जावयाचीच असते. मग थांबले आणि हळूच ताईला विचारलं, "आनि मागच्या येलंला गं?"

ताईने भाकरीचा तुकडा मोडला. "तवा न्हवते आऊट, बाबा. तवा पोचले व्हते."

आईचा हात तव्यावर थांबला. दाजीने वर बघितलं नाही.

"मंग तवाच बोलायचंस ना!"

"तवा मला इचारलं कोनी?"

बाबांनी पळी वळवली आणि ती नळी ताईच्या ताटात वाढली.