भाड्याने राहणारी मूळ रहिवाशीण

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर विचारूच नका. माझी चिठ्ठी घेऊन नवरा वाणसामान आणायला गेला की दुकानदार चिठ्ठी उलटीसुलटी करून बघतो आणि म्हणतो, "भाऊ, तोंडीच सांगा ना." मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीचा वर्ग शेजारच्या गावात होता आणि अनोळखी पोरींबरोबर चालत जायची मला लाज वाटली. एवढ्यावरच शिक्षण संपलं. ही वही तांदळाच्या डब्याखाली असते, म्हणजे कोणी वाचायचा प्रश्न नाही. तरी वाचलीच कोणी, तर चुका पोटात घाला.

मी माझ्या आयुष्यात एकदा मूळ रहिवाशीण झाले होते, ते लिहून ठेवायचं आहे.

आम्ही दोघं जालन्याकडचे. नवरा रिक्षा चालवतो. अंधेरीला, कारखान्यांच्या आणि काचेच्या ऑफिसांच्या मागे एक जुनं गावठाण आहे, तिथे आम्ही भाड्याने राहतो. मुंबई इथवर यायच्या आधी हे खरंच गाव होतं, शेतं होती म्हणतात. आता पुढे बारा-बारा मजल्यांच्या काचा आणि मागे आमची कौलं. दुपारी त्या काचांचं ऊन उलटून आमच्या ओट्यावर पडतं. पापड फुकट वाळतात.

घर एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंचं. त्या इथल्याच, सात पिढ्यांच्या. सगळी गल्ली त्यांना आंटी म्हणते. मागच्या दोन खोल्यांत त्या राहतात, त्यांची एक खिडकी बाजूने ओट्याकडे उघडते; पुढची खोली आणि ओटा आमच्याकडे. त्यांची मराठी मला सुरुवातीला चुकीची वाटायची आणि माझी त्यांना.

"तू बोलतंस ती कंची भाशा?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"मराठीच की, आंटी."

"नाय गो. मराठी आमची."

मी त्या ओट्यावर ऑफिसवाल्यांसाठी भाकरी-भाजी विकायचे. धंदा बरा चालला होता. मग लॉकडाऊन आला आणि ऑफिसं बंद झाली. काचांच्या आत दिवा नाही, बाहेर माणूस नाही. कबुतरांनी एका कंपनीच्या नावाच्या पाटीत घरटी केली. रिक्षा गल्लीतच उभी, तिच्या मागच्या सीटवर मांजर व्यायली. भाडं द्यायला पैसे नव्हते. आंटी म्हणाल्या, "ऑफिसा उघडली की दे." पण ऑफिसं उघडली तीही अर्धीच. मंगळवार, बुधवार, गुरुवार माणसं यायची आणि बाकीचे दिवस घरी बसून काम करायची. सोमवारच्या भाकरी आम्ही मंगळवारी खायचो. चालू महिन्याचं भाडं कसंबसं निघायचं, थकलेलं तसंच राहायचं.

आंटींनी एकदाही मागितलं नाही. तेच मला जड जायचं. त्या पुढे दिसल्या की मी मागच्या मोरीच्या दाराने बाहेर पडायचे. मागचं दार त्यांच्या स्वयंपाकघराला लागून, म्हणजे तिथेही त्याच भेटायच्या.

अशात उन्हाळा आला. आंटींकडे वर्षाचा मसाला उन्हाळ्यात होतो. तऱ्हेतऱ्हेच्या मिरच्या, पंचवीसेक जिन्नस, सगळं कुटून तपकिरी बियरच्या बाटल्यांत दाबून भरतात. थकलेल्या भाड्यापायी निदान हाताने काम करावं म्हणून मी मिरच्यांची देठं काढायला ओट्यावर बसले. साडीला तिखट लागू नये म्हणून आंटींनी त्यांच्या आईचं जुनं लाल चौकड्यांचं लुगडं दिलं. ते मी साडीवरून गुंडाळलं. आंटी स्वतः बारा महिने गाऊन घालतात.

तो रविवार होता. गल्लीत जुनी घरं बघायला आलेली वीस-पंचवीस माणसं शिरली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, पायात पांढरे बूट. पुढे एक बाई, कमरेला स्पीकर आणि तोंडाशी माईक. आमच्या ओट्यापाशी ती थबकली आणि हळू आवाजात, देवळात बोलतात तशी, म्हणाली, "बघा. हे लुगडं, ह्या मिरच्या, हा ओटा. ह्या इथल्या मूळ रहिवाशी कुटुंबातल्या. शहर एवढं बदललं, पण ह्या हलल्या नाहीत."

मी खरंच हलले नव्हते. एवढी माणसं माझ्याकडे बघतायत म्हटल्यावर हातातली मिरची हातातच राहिली होती. तोंड उघडून सांगावं की बाई, मी जालन्याची, पण आवाजच फुटेना. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, नम्र आहे. सगळ्यांनी फोटो काढले.

ते गेल्यावर आंटी आतून हसत हसत बाहेर आल्या. "हो गो तूच मूल रहिवाशी. माला कंटाला आलाय."

संध्याकाळी नवऱ्याला कळलं. तो दारातच हात जोडून उभा राहिला. "मूळ रहिवाशीण बाई, बाहेरगावच्या माणसाला चहा मिळंल का?"

"गप बस."

"बघ हां, हाकलून देशील मला. माझ्याकडे लुगडं नाही."

पुढच्या रविवारी ती माणसं परत आली. दुसरी होती, पण बाई तीच. तिने विचारलं, इथलं पारंपरिक जेवण मिळेल का. मला फक्त माझ्या गावची शेंगदाण्याची आमटी, ठेचा आणि भाकरी येते. मी तीच दिली. लोकांनी डोळे मिटून खाल्ली. "सात पिढ्यांची चव," एक काका म्हणाले. आंटींनी खिडकीतून ऐकलं आणि दुपारी भांडायलाच आल्या.

"तुज्या त्या शेंगदान्याला आमचा जेवान म्हनतात! माजी आई वर तडफडत आसंल."

"मी काही बोललेच नाही, आंटी."

"तेच तं! तू बोलत नाय म्हनून ते बोलतात!"

मग त्यांनी मला त्यांचा मसाला घालून कालवण करायला शिकवलं. ते मी रविवारी करू लागले. लोकांनी खाल्लं आणि म्हणाले, मागच्या वेळची आमटी जास्त अस्सल होती. हे मी आंटींना सांगितलं नाही.

पण रविवारच्या ताटांचे पैसे हातात राहू लागले. घरात ठेवले तर नवरा रिक्षात गॅस भरायला उचलायचा, म्हणून मी आंटींकडून मसाल्याची एक रिकामी बाटली मागून घेतली. नोटेची बारीक सुरळी करायची आणि बाटलीच्या तोंडातून आत ढकलायची. आत गेलेली नोट नवऱ्यालाच काय, मलाही काढता यायची नाही. त्यालाच मी बचत समजत होते.

पावसात ती माणसं येत नसत. थंडीत पुन्हा येऊ लागली. थंडीत मिरच्या कुठून आणणार? मी लुगडं गुंडाळून नुसते तांदूळ निवडत बसायचे. निवडलेलेच परत निवडायचे.

नाताळ जवळ आला आणि आंटींचा पुतण्या परदेशातून आला. घराच्या कागदांवर त्याचंही नाव आहे. रंगीत अर्धी चड्डी, डोक्यावर गॉगल. लहानपणीच आईबापांबरोबर गेला होता, पण बोली आंटींचीच. त्याने मला सरळ सांगितलं, आवाज न चढवता. पुढची खोली आणि ओटा एका कॉफीवाल्याला द्यायचाय. जुनी घरं बघायला येणारे लोक आणि ऑफिसवाले, दोघांनाही तसली कॉफी लागते. भाडं आमच्या पाचपट मिळेल. "आनी तुमचा जुना भाडा पन बाकी हाय ना," तो म्हणाला. बाकी होतंच.

रात्री नवरा म्हणाला, दहिसरच्या पुढे खोली बघू. मी हो म्हटलं. पण ओटा गेला की धंदा गेला, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या रात्री त्याने थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी लुगडं गुंडाळून बसले. पुतण्या हातात टेप घेऊन ओटा मोजत होता आणि कॉफीवाल्याला फोनवर इंग्रजीत माप सांगत होता. एवढ्यात माणसं आली. माईकवाल्या बाईने हा प्रकार पाहिला आणि तिचा आवाज कापरा झाला. "बघा, हे असंच होतं. बाहेरून लोक येतात, मोजमापं घेतात, आणि मूळ माणसं जातात."

सात पिढ्यांची चव म्हणणारे तेच काका पुढे सरसावले. "अहो मिस्टर! काय चाललंय? ही बाई सात पिढ्या इथे बसलीय!"

पुतण्याने टेप खाली केला. "ओ अंकल, ह्यो माजा घर हाय!"

"वा! चार शब्द मराठी शिकून आलाय," कोणीतरी म्हणालं. "तेही मोडकंतोडकं."

"मोडका नाय, आमची भाशा हाय ती!"

"लाज वाटू द्या थोडी. तिची भाषा ऐका म्हणावं, तिची!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. एक बाई म्हणाली, पोलिसांना फोन करा. दुसरीने पुतण्याचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. तो बिचारा लालबुंद. मी खिडकीकडे पाहिलं, तर आंटी शेंगा सोलून खात तमाशा बघत बसलेल्या. मी डोळ्यांनी विनवलं. त्यांनी अजून एक शेंग तोंडात टाकली.

गप्प राहिले असते तर कदाचित ओटा वाचलाही असता. ते माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण त्या माणसाला त्याच्याच दारात परका ठरवत होते, आणि तेही माझ्या नावाने. मी उठले. मांडीवरचं सूप उलटून तांदूळ सांडले. लुगडं सोडलं आणि म्हणाले, "हे इथले आहेत. मी जालन्याची. मी भाड्याने राहते." एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण इतक्या वर्षांचं साठलेलं, थांबेना. "आणि भाडं पण थकलंय."

व्हिडिओ घेणाऱ्या बाईने फोन खाली केला. माईकवाली बाई म्हणाली, "पण मग इतके रविवार..."

"मला बोलायची लाज वाटते," मी म्हणाले.

"आणि ती आमटी?" काकांनी विचारलं.

"जालन्याची."

काकांनी जरा विचार केला. "पण छान होती हो."

मग सगळा घोळका पुतण्याकडे वळला. तुम्ही मूळचे, मग सांगा, हा कोनाडा कशासाठी, हे कडं कशाला? त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो हाका मारू लागला, "आंटी! ओ आंटी!" शेवटी त्या गाऊनवरच बाहेर आल्या. माईकवाल्या बाईने माईक त्यांच्यापुढे धरला. आंटींनी तो हातात घेतला.

मग काही सोडला नाही. कडं पाळण्याचं होतं, ते एका वाक्यात झालं. पुढे त्या पाळण्यात कोण झुलला, तो मोठेपणी कुणाची कोंबडी चोरून पळाला, समोरच्या घराने विहिरीच्या कामात वाटा कसा दिला नाही, सगळं स्पीकरवर. समोरच्या घराची खिडकी धाडकन बंद झाली. माणसं टाळ्या वाजवत होती. जेवायची वेळ टळून गेली तरी कोणी हलेना.

संध्याकाळी पुतण्याने कॉफीचा विषय काढला. आंटी म्हणाल्या, "ओटा दिला तं मी रयवारी बसू कुटे?"

"पाचपट भाडा, आंटी!"

"माईक देतंय काय तुजा कॉफीवाला?"

पुतण्या दोन्ही हात डोक्याला लावून बसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ठीक हाय, पण पुढल्या मसाल्याच्या आत जुना भाडा फिटला पायजे, नाय तं कॉफीवाला येनार. आंटींनीही मान डोलावली. "थकलेला भाडा मी सोडनार नाय हां. बोलून दाखवलास ना सगल्यांम्होरं? आता दे."

मग रविवारी आंटी बोलायच्या आणि मी ताटं वाढायचे. ऑफिसं हळूहळू पाचही दिवस भरू लागली. कंपनीने पाटी धुतली, कबुतरं आमच्या कौलांवर आली. काका दर महिन्याला नवी माणसं घेऊन यायचे आणि कालवण बाजूला सारून आमटी मागायचे. आता ओट्यावर टांगलेल्या पाटीवर मी खडूने लिहिलं होतं, जालन्याची आमटी. त्यातही चूक होती म्हणे, पण आमटी खपली.

मिरच्या बाजारात आल्या तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरली होती. नवऱ्याने तार घालून पाहिली, उलटी करून आपटली. एक नोट अर्धी बाहेर आली आणि अडकली. "ही तिजोरी कोणी शिकवली गं तुला?" तो म्हणाला. शेवटी मी ती मोरीच्या दगडावर फोडली. नोटा झटकून सारख्या केल्या आणि पहिल्यांदाच मोरीचं दार सोडून पुढच्या ओट्यावरून आंटींकडे गेले.

आंटींनी अंगठा जिभेला लावला आणि मोजायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या नोटेला त्यांचे डोळे पाणावले. मला वाटलं, गहिवरून आलं. मलाही भरून आलं. मग त्या शिंकल्या.

"मिरची!" त्या ओरडल्या. "धुतली नव्हतीस काय बाटली?"

मी धुतली नव्हती. त्यांनी साखर खाल्ली, पाणी प्यायल्या, हिशेब विसरल्या, परत पहिल्यापासून मोजलं, परत अंगठा जिभेला लावला, परत शिंकल्या. मी म्हटलं, मी मोजते. "नाय. पैशे माजे, मीच मोजनार." शेवटी नाकाला रुमाल बांधून आणि अंगठा पाण्यात बुडवून त्यांनी मोजले. बरोबर निघाले. त्यांनी नोटा गाऊनच्या खिशात कोंबल्या आणि हात पुढे केला.

"आता काय, आंटी?"

"बाटली फोडलीस माजी. तिचे दहा."

कमरेच्या पिशवीतून दहाचं नाणं काढून मी त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, चाटलं मात्र नाही, आणि म्हणाल्या, "झाला. फिटला."